टिफ्रॅक : शिकता शिकता घडविलेला संगणक

संगणक ही परदेशातून आयती आलेली वस्तू, असा समज आपल्या सातारा-सांगलीकडे अजूनही आढळतो. इतिहास निराळे सांगतो.

१९४५ साली दोन संस्था जन्मल्या : बाबासाहेबांची पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि डॉ. होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था. आज अभिमत विद्यापीठ असलेल्या या दुसऱ्या संस्थेत रंगास्वामी नरसिंहन आणि काही तरुणांनी संगणक बांधावयास घेतला. नरसिंहन वगळता त्यांपैकी कोणीही पूर्वी संगणक वापरलेला नव्हता. १९५६ साली, धम्मदीक्षेच्याच वर्षी, त्यांचे प्रायोगिक यंत्र चालू झाले. १९६० मध्ये पूर्ण संगणक कामास लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले ‘टिफ्रॅक’.

निर्वात नलिकांवर चालणाऱ्या या यंत्राची स्मृती अवघी दहा किलोबाइट; आजच्या मोबाइलमधील एक छायाचित्रही तीत मावणार नाही. तरीही इतर संस्थांतील संशोधकांची गणितेही त्याने सोडविली.

१९०० साली साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या बाल भीमरावांना वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले. आज आपल्या वसतिगृहातील मुलगी संगणकासमोर सन्मानाने बसते. परंतु ती केवळ कळा दाबण्यास शिकते, की यंत्र उघडून त्याचे कार्य समजून घेते? हा प्रश्न आम्हां शिक्षकांनी स्वतःस विचारला पाहिजे. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातील एक रविवार या मुलांसाठी द्यावा, ही आमची नम्र विनंती.