ऑइल हीटर खरेच कमी वीज खातो?

प्रश्न : घर पत्र्याचे आहे. सासूबाईंसाठी ऑइल हीटर घ्यायचा विचार आहे. तो पंख्याच्या हीटरपेक्षा निम्मी वीज खातो, असे दुकानदार म्हणतो. खरे का?
– एक वाचक, परंडा

उत्तर : नाही. 2000 वॅटचा कुठलाही हीटर तासभर सलग चालला की 2 युनिट जळतातच. ऑइल हीटर बंद केल्यावर काही वेळ ऊब देतो, एवढाच फरक. रोज 5 तास सलग चालला तर महिन्याला 300 युनिट होतील, आणि 100 युनिटांपुढे महावितरणचा दरही चढतो.

धाराशिवची थंडी मुख्यतः रात्रीची. दुपारचे ऊन फुकट आहे. अंथरूण उन्हात टाका, ऊन उतरण्याआधी खिडक्या लावा. पत्र्यातून ऊब सर्वांत जास्त निसटते, म्हणून हीटरचे पैसे आधी जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर घाला. सासूबाईंना जाड वाकळ आणि फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी बहुधा पुरेल.

तरीही हीटर घ्यायचाच, तर थर्मोस्टॅटचा घ्या आणि 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावा.

बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीच नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपेतल्या माणसाला काहीच कळत नाही.