विहिरींच्या चढउताराचा निवाडा

राळेगणसिद्धी, ता. पारनेर

चि. ताईस,


बंधाऱ्याखालच्या आणि बंधारा नसलेल्या विहिरींच्या पाणीपातळीची सरासरी तू प्रबंधात ताडून पाहणार आहेस, असं कळलं. माझं म्हणणं, प्रश्नच बदल. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकारानं या अवर्षणप्रवण गावात नालाबांध, पाझर तलाव, समतल चर झाले, ते पाणी अडवून जिरवायला. त्यांची खरी परीक्षा उन्हाळ्यात. आश्विनात काठोकाठ भरून वैशाखात तळ दाखवणारी विहीर आणि बारमाही मध्यावर राहणारी विहीर, दोन्हींची सरासरी एकच येईल. उन्हाळ कांद्याला शेवटचं पाणी मात्र दुसरीच देईल. तेव्हा तुलना करायची ती प्रचरणाची, म्हणजे पातळी सरासरीभोवती किती वरखाली होते त्याची.

ती करताना दोन प्रचरणं ताडणाऱ्या नेहमीच्या एफ-चाचणीवर थांबू नकोस. ‘फरक सिद्ध झाला नाही’ एवढंच ती म्हणेल. फरकच नाही की विहिरी कमी मोजल्या, हे सांगणार नाही. बेझच्या पद्धतीत दोन दावे समोरासमोर उभे राहतात: दोन्ही गटांचं प्रचरण सारखं, किंवा वेगळं. हाती आलेली मापं एका दाव्याखाली दुसऱ्याच्या किती पट संभवतात, ते बेझ फॅक्टर सांगतो, आणि तो ‘सारखंच आहे’ असाही कौल देऊ शकतो. ही विद्या आपल्याला परकी नाही. तिचा पाया घालणाऱ्या हॅरॉल्ड जेफ्रीज यांचे विद्यार्थी, कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनीच पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला.

कोणी म्हणेल, बेझच्या पद्धतीत आधीची समजूत घुसते. ती एफ-चाचणीतही असते. मापं घंटाकृती वक्रात बसतात हे ती गृहीतच धरते. इथे समजूत कागदावर मांडावी लागते, एवढंच. समज, फॅक्टर ६ आला. दोन्ही दावे समसमान मानणाऱ्याला वेगळेपणाचा भाव ६ ला १ दिसेल. आधी १ ला ४ मानणाऱ्या संशयखोरालाही ६ ला ४. मात्र प्रचरणांच्या गुणोत्तराबद्दलचा अंदाज दोन-तीन तऱ्हांनी मांडून पाहा. त्यानं कौल फिरला, तर पुरावा अपुरा आहे असं मान.

कोरडी विहीर वर्षभर स्थिरच असते, म्हणून प्रचरणाशेजारी सरासरीही दे. एकाच पावसावर जगणाऱ्या शेजारच्या विहिरी स्वतंत्र साक्षीदार नव्हेत, हेही गणितात धर. चालू उपशात घेतलेल्या मापानं प्रचरण उगाच फुगतं. मोटार बंद करून, पाणी पूर्ववत चढल्यावरच टेप सोड. आणि आधीचा अंदाज पहिल्या मापाआधीच तारीख घालून वहीत लिही, म्हणजे निकाल पाहून तो बदलला असं कोणी म्हणणार नाही.

तुझा,
मामा