पूर्णा खोऱ्यातील गाळाचे थर आणि खारे पाणी

सातपुड्याच्या दक्षिणेस अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीचे सखल खोरे पसरले आहे. येथे काळ्या पाषाणावर गाळाचे थर साचले असून काही ठिकाणी त्यांची जाडी ३०० मीटरांहून अधिक आहे. पर्वताच्या पायथ्याशी दगडगोटे व भरड वाळू असल्याने पावसाचे पाणी सहज झिरपते व विहिरींना गोडे पाणी लागते. नदीकडे जावे तसतसा गाळ बारीक होत जातो. मधल्या भागात चिकणमाती अधिक, वाळूचे थर पातळ व तुटक. भूजल जवळजवळ साचूनच राहते आणि क्षार धुऊन जात नाहीत. हाच खारपाणपट्टा होय.

विहिरीला पाणी लागले, एवढ्याने येथे काम भागत नाही. असे पाणी पिकास दिल्यास त्यातील सोडियममुळे मातीची घडण मोडते, जमीन पाणी शोषेनाशी होते आणि ती पुन्हा सुधारणे दुष्कर ठरते. नवी विहीर मंजूर करण्यापूर्वी ग्रामपंचायतीने शेजारच्या विहिरींचे पाणी पावसाळ्याच्या आधी व नंतर तपासून घेणे इष्ट. शेततळ्यांचा मार्ग मात्र या भागास मानवतो. चिकणमातीतून पाणी फारसे मुरत नसल्याने साठलेले पावसाचे पाणी हरभऱ्याच्या संरक्षक पाळीस उपयोगी पडते.