आधी विचारा, मग चढवा

जामखेड तालुक्यातल्या शाळेत पाण्याची टंचाई असेल, खोल्यांची असेल, पीडीएफची मात्र नाही. 2020 च्या टाळेबंदीपासून तर शिक्षकांच्या ग्रुपवर स्वाध्याय, कृतिपत्रिका, गोष्टींची पुस्तकं यांना खंड नाही. कुणी लिहिलं, कुणी चित्रं काढली, पहिलं पान कुठं गेलं, याची चौकशी कुणी करत नाही. मुलांसाठीच तर आहे, असं म्हटलं की विषय संपला. विकीवर थोडंफार काम करू लागल्यावर मला हे खटकायला लागलं होतं. पण त्यातली खरी मेख कळली ती आमच्याच भागातल्या एका निवृत्त गुरुजींच्या पुस्तिकेमुळे.

गुरुजींनी नोकरीभर जमवलेला परिसर अभ्यास होता तो. विंचरणा नदी, बालाघाटचे डोंगर, चौंडीला 1725 मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई, 1795 ची खर्ड्याची लढाई, आणि शेवटी गावातल्या आयाबायांकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या. पदरचे पैसे घालून छापली, शाळाशाळांना वाटली. आत छापलं होतं की पुस्तिका मुलांसाठी आहे, विक्रीसाठी नाही. एका उत्साही तरुण शिक्षकाने ती स्कॅन केली, तिच्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सीसी बाय-एसए’ परवाना लावला आणि एका विकीवर चढवली. त्याने विचारलं नव्हतं असं नाही. फोन केला होता. “गुरुजी, पुस्तिका नेटवर टाकू का?” गुरुजी म्हणाले, “टाका की सर, त्यात विचारायचं काय?”

पुढे बाहेरच्या एका प्रकाशकाच्या शिष्यवृत्ती सराव पुस्तकात त्यातली पानंच्या पानं आली. पुस्तकावर किंमत होती. खर्ड्याच्या लढाईचं साल 1759 झालं होतं. आणि खाली गुरुजींचं नाव अगदी इमानेइतबारे छापलेलं. शिक्षण परिषदेत कुणीतरी गमतीने ते पान दाखवलं. गुरुजींना ती गंमत वाटली नाही. मला म्हणाले, “नाव गाळलं असतं तर एक वेळ चाललं असतं. चुकीच्या सालाखाली माझं नाव कशाला? आणि त्या बायांच्या ओव्या विकायला मी कोण?”

आता बारकाईने पाहा. ‘बाय-एसए’ परवान्यात विक्रीला मुभा असतेच. मूळ कर्त्याचं नाव द्या, काय बदललं ते सांगा, आणि बदललेली प्रत त्याच परवान्याखाली खुली ठेवा, एवढ्याच अटी. प्रकाशकाने शेवटच्या दोन पाळल्या नाहीत, ते चुकलंच. पण विक्रीची वाट त्याला त्या परवान्यानेच दाखवली होती, आणि तो परवाना गुरुजींनी दिलाच नव्हता. ‘नेटवर टाका’ आणि ‘जगात कुणीही बदला, विका’ या दोन वेगळ्या संमती आहेत. शिवाय भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 30 परवाना लेखी मागतं. फोनवरचा होकार मनाला पुरतो, कायद्याला पुरत नाही.

त्यामुळे लेखकाला फोन करताना परवान्याचं नाव सांगून भागत नाही. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ म्हटल्यावर साठी ओलांडलेला माणूस भिडेखातर हो म्हणतो. त्याला घरगुती भाषेत चार प्रश्न विचारा. कुणी हे छापून विकलं तर चालेल का? कुणी यात भर घातली, काटछाट केली तर? हिंदीत, कन्नडमध्ये नेलं तर? आणि उद्या मन बदललं तरी दिलेला परवाना परत घेता येत नाही, हे ठाऊक आहे का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. विकीवरचं पान काढता येतं, पण तोवर ज्यांनी त्या परवान्याखाली प्रत घेतली त्यांचा हक्क टिकतो.

दुसरी गफलत याहून सरसकट आहे. वाचायला फुकट मिळतं म्हणजे विकीवर चालतं, असं आपण धरून चालतो. शेजारी त्याच्या विहिरीचं पाणी भरू देतो, म्हणून तिथून पाइपलाइन टाकून चार वस्त्यांना देता येत नाही. विकिपीडियाचा मजकूर बाय-एसए परवान्याखाली असतो, आणि लेखकाने ‘व्यापारी वापर नको’ किंवा ‘बदल नको’ अशी अट घातली असेल तर ते साहित्य विकिपीडिया, विकिस्रोत, विकिमीडिया कॉमन्स यांवर बसतच नाही. “पण आपण कुठं विकतोय?” असा वाद शिक्षक घालतात. आपण विकत नसू, पण विकीवर ठेवणं म्हणजे पुढच्याला विकायची मुभा देणं. जी आपल्याकडे नाही ती मुभा पुढे देणार कशी?

ओव्यांचंच घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. पी. साईनाथांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या आता वाचता-ऐकता येतात. ओवी कुणाची म्हणायची? आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे आलेली. तरीही तिथे गाणारीचं नाव आहे, गाव आहे. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. लोकसाहित्य म्हटलं की आपण बाईचं नाव पुसून ‘परंपरागत’ असं लिहून मोकळे होतो. पारीचा परवाना मात्र व्यापारी वापर आणि बदल दोन्ही नाकारतो. म्हणून तिथल्या ओव्या मुलांना जरूर ऐकवा, दुवा द्या, पण उचलून विकीवर आणू नका. ती त्यांची अट आहे, आणि अट का घातली हे विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

उलट बाजूला प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ आहे. 2015 मध्ये सुरू झालं, मराठीतही भरपूर गोष्टी आहेत, आणि मोकळीक इतकी की भाषांतर करा, छापा, विका. मागतात ते फक्त श्रेय. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावं असलेलं पान असतं. आमच्याकडे झेरॉक्सचा खर्च वाचवायला पहिलं उडतं ते हेच पान. एवढं उदार देणाऱ्याची एकुलती एक अट मोडायला तरी आपल्याला लाज वाटायला हवी.

जामखेडच्या माणसाला आणखी एक मोह होतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये इथे आरोग्य प्रकल्प उभा केला, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं ज्ञान दिलं, 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचं 1994 चं इंग्रजी पुस्तक आपलंच आहे, त्यातली प्रकरणं मराठी करून विकीवर घालू, असं सुचवणारे मला भेटलेत. ज्ञान खुलं करण्याचा आरोळेंचा बाणा खरा. पण कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतरची 60 वर्षं मोजतात, आणि जोडलेखक असतील तर नंतर गेलेल्यापासून. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. म्हणजे हक्क 2071 अखेरपर्यंत. त्यातली माहिती मात्र कुणाच्या मालकीची नाही. ती स्वतःच्या शब्दांत लिहा, पुस्तकाचा संदर्भ द्या, कुणी हरकत घेणार नाही.

साने गुरुजींचं लेखन याच हिशेबाने 1 जानेवारी 2011 पासून मुक्त झालं, कारण ते 1950 मध्ये गेले. तिथे कुणाला विचारायचं कारण नाही. तरी ‘श्यामची आई’ सोपी करून देताना ती सोपी केलेली आहे हे वर लिहावं, इतकी अदब असावीच.

संस्थांच्या बाबतीत गोव्याचा दाखला चांगला आहे. गोवा विद्यापीठाने 2013 मध्ये आपला कोंकणी विश्वकोश स्वतःहून बाय-एसए परवान्याखाली आणला. हक्क ज्याच्याकडे, त्याने जाहीर सांगितलं. स्वयंसेवकांना कुणाला भीड घालावी लागली नाही.

आमच्या गुरुजींची पुस्तिका विकीवरून काढली गेली. लेखी परवानगीच नव्हती, त्यामुळे वादही झाला नाही. नंतर मी त्यांच्याजवळ बसून ते चार प्रश्न एकेक करून विचारले. नदी, डोंगर, इतिहास हा भाग त्यांनी सही करून खुला केला, विक्रीच्या मुभेसह. ओव्यांना नकार दिला. त्यातल्या काही बाया आता नाहीत आणि ज्या आहेत त्यांना विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं.

तेव्हा चढवण्याआधी लेखकाला पत्र किंवा ई-मेल लिहा. त्यात पुस्तकाचं नाव, परवान्याचं पूर्ण नाव, विक्री, बदल आणि परत न घेता येण्याचा उल्लेख, आणि श्रेय कसं हवं हा प्रश्न असू द्या. काहींना नाव नको असतं, तेही ऐका. उत्तर जपून ठेवा आणि विकीच्या परवानगी नोंदवणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाठवा. नकार आला तर पुस्तकाचं नाव, लेखक आणि ते कुठं मिळतं एवढं विकीवर लिहा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.