केडगावची पंडिता : सेवा, क्षमा आणि भाषा

बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ‘केकावली’त ईश्वराची करुणा भाकली, तेथील नम्रता पांडित्याचे अलंकार लेवूनच प्रकटते. दौंड तालुक्यातील केडगावी पंडिता रमाबाईंनी मात्र हे अलंकार उतरवले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेल्या या विदुषीने सामान्य स्त्रियांनाही कळावे म्हणून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती विचारात क्षमायाचना हा शेवट नव्हे. क्षमा लाभलेल्याने इतरांना क्षमा करावी, त्यांचे पाय धुवावेत, अशी अपेक्षा असते. रमाबाईंची ही सेवा शब्दयोजनेपर्यंत पोहोचली. म्हणून या भाषांतराचे मूल्यमापन केवळ शैलीच्या निकषावर करणे अपुरे ठरते. तेथील साधेपणा ही नैतिक निवड आहे.