छपरावरची तार

सूर्याची वीज घरी आली, की आपले काम संपले का? नाही. तार कोणती घातली, तेही पाहावे.

घरातली साधी तार छपरावर टाकली, तर उन्हापावसाने तिचे वेष्टण तडकते. आतले तांबे उघडे पडते. पॅनेलची वीज एकाच दिशेने वाहते. तिची ठिणगी पेटली, की लवकर विझत नाही. घरातला मेन स्विच बंद केला, तरी ऊन असेपर्यंत छपरावरच्या तारेत वीज राहतेच.

म्हणून आम्ही सांगतो, सोलरचीच तार मागा. तिच्यावर 'आय.एस. १७२९३' छापले आहे का, ते बघा. अक्षरे इंग्रजी असतात. अडले तर मुलांना विचारा. जोडणी परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

तारेत चार पैसे वाचवाल आणि घर गमावाल!