मंदी आणि बालकाचे ताट

मुलांनो, २०२० च्या मार्चअखेर देशात टाळेबंदी झाली आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील मजुरांचे नाके ओस पडले. रोजंदारी थांबली, की गरिबाच्या ताटातून दूध, अंडी, भाजी ही प्रथम नाहीशी होतात. केवळ भाताने पोट भरते. शरीर पोसत नाही. अशा बालकाची रोगप्रतिकारशक्ती घटते. साधा अतिसारही त्याच्या जिवावर बेततो. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढे क्वचितच भरून निघते. त्या काळी अंगणवाड्या बंद होत्या. तरी सेविकांनी शिधा घरोघरी पोहोचविला. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचे मोल अशा वेळी कळते. मंदी ओसरते, कारखाने पुन्हा सुरू होतात. बालपण मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून काटकसरीचा आरंभ बालकाच्या ताटापासून कधीही होता कामा नये.